शंभरातल्या चौतीस

मासा नर आहे की मादी हे सांगायला गौराक्काला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्या वेळात माझा चष्मासुद्धा पुसून झाला नसता. ओल्या डाव्या तळहातावर मासा उताणा, अंगठा हलकेच कल्ल्यावर, पोटाखाली एक नजर, की गेला डावीकडच्या टबात. पुढचा उचलला, गेला उजवीकडच्या टबात. डावीकडे नर, उजवीकडे माद्या. तोंडानं बारीक आवाजात पुटपुटणं चालू असायचं, "गंडु, गंडु, हेण्णु, गंडु..." म्हणजे कन्नडमध्ये नर, नर, मादी, नर. एखादा मासा फारच लहान असेल तर निळ्या औषधात बुडवलेली कापसाची काडी त्याच्या पोटाखालून फिरवायची. नराला तिथं दोन छिद्रं असतात, मादीला तीन. तिसरं छिद्र म्हणजे केसाएवढी आडवी रेघ. ती रेघ दिसायला मला भिंग लागायचं. गौराक्काला, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, काही लागायचं नाही.

आमचं मत्स्यबीज केंद्र तुमकूर रस्त्याला, बेंगळुरूतल्या यशवंतपूरपासून तासाभराच्या अंतरावर होतं. छोट्या शेतकऱ्यांना शेततळ्यात सोडण्यासाठी तिलापियाचं बीज पुरवायचं, हा धंदा. कर्नाटकात या माशाला जिलेबी म्हणतात. मी कोकणातून मत्स्यविज्ञान शिकून आलेला. बायकोला, मृणालला, इथल्या आयटी कंपनीत नोकरी लागली म्हणून बेंगळुरूला आलो, राजाजीनगरात घर घेतलं भाड्यानं, आणि या केंद्रात क्वालिटी ऑफिसर म्हणून चिकटलो. केंद्रातली माणसं गोळा करायला सकाळी यशवंतपूरला व्हॅन यायची. त्या व्हॅनमध्ये पहिल्या दिवशी माझ्या मागच्या बाकावरून आवाज आला, "मी निघालो बघ. पोचलो की फोन करतो." आवाज बाईचा. मी वळून पाहिलं. नाकात चमकी, मोठं कुंकू, मांडीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी. माझा चेहरा बघून ती हसली.

"पुण्याचा काय रे तम्मा? आमच्या निपाणीकडं बायका अशाच बोलत्यात. मी आलो, मी गेलो. घाबरू नको."

तेव्हापासून मी तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, झालो आणि ती माझी अक्का. अख्ख्या केंद्रात मराठी बोलणारी आम्ही दोघंच.

मांडीवरच्या कापडात तिचं तामचिनीचं ताट असायचं. कडेचा पांढरा मुलामा उडालेला. केंद्रात स्टीलची चकचकीत टेबलं होती, पण ती मासा याच ताटात घ्यायची. उजव्या हातात बांगडी घालत नसे. नखं मुळापासून काढलेली. कुणी कोरड्या हातानं माशाला हात लावला की फटकन ओरडायची, "हात भिजव आधी! कातडं निघतंय त्याचं." स्वतः मात्र मासे खात नसे. दुपारी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मी विचारलं तर म्हणाली, "दिवसभर त्यांच्या पोटाकडं बघून झाल्यावर आपल्या पोटात कसं घालायचं?"

पहिल्याच आठवड्यात मी तिची परीक्षा घेतली. आता सांगायला लाज वाटते, पण घेतली. सहा मासे तिच्यापुढं ठेवले. तिनं घटकेत निवाडा दिला, चार नर, दोन माद्या. मी ते सहाही मासे आत नेले, चिरले, सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. चार नर, दोन माद्या. बाहेर येऊन मी कौतुकानं सांगितलं तर ती खूश झाली नाही.

"माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून सहा जीव मारलास," एवढंच म्हणाली आणि पुढचा मासा उचलला.

तळ्यात फक्त नर का सोडायचे, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण रत्नम्माला आणि तिच्या गटातल्या बायकांना अक्कानं ते ज्या तऱ्हेनं समजावलं, तसं मला कुणी कधी समजावलं नव्हतं. तुमकूरच्या पलीकडच्या एका गावातल्या अकरा बायकांचा हा गट. त्यांनी मिळून चार शेततळी मत्स्यपालनासाठी घेतली होती, आणि रत्नम्मा त्यांची पुढारी. प्रशिक्षणासाठी त्या दिवसभर आमच्याकडं आल्या होत्या. मी फळ्यावर आकृत्या काढल्या. बायका आदरानं माना हलवत होत्या आणि त्यांना काही कळत नव्हतं. मग अक्का कन्नडमध्ये बोलायला लागली.

"हे बघा, ही मादी तळहाताएवढी झाली न झाली की अंडी घालती. घालती ती घालती, वर ती तोंडात धरून बसती. पिल्लं सुटी होईपर्यंत काही खात नाही. मग वाढणार कशी? पिल्लं बाहेर पडली की त्यांना पुन्हा पिल्लं. सहा महिन्यांनी जाळं टाकाल तर सगळं तळं बोटाएवढ्या माशांनी भरलेलं. विकायला एक नाही. नुसते नर सोडले, तर पिल्लांची भानगड नाही. खातात आणि वाढतात."

"म्हणजे आमच्या नवऱ्यांसारखं," मागून एक बाई म्हणाली. सगळ्या हसल्या. अक्काही हसली.

तिचा स्वतःचा नवरा बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होता. कारखाना बंद पडल्यावर तो निपाणीला गेला आणि तिकडंच राहिला. ही यशवंतपूरच्या बाजारामागच्या खोलीत धाकट्या मुलीला घेऊन राहिली. थोरलीचं लग्न झालं होतं. नवऱ्याचा विषय तिनं माझ्यासमोर एकदाच काढला. "बोलवायला येईल म्हणून वाट बघितलो. मग वाट बघायचं विसरून गेलो," म्हणाली.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिनं रत्नम्माला नर-मादी ओळखायला शिकवलं. रत्नम्मा चुकली की अक्का तिच्या मनगटावर चापट मारायची. जाताना रत्नम्मा तिच्या पाया पडायला वाकली, तर अक्कानं तिला वरच्या वर धरलं.

अक्काच्या जिभेला धार होती. एकदा कुणी बडे पाहुणे केंद्र बघायला आले. तिच्या हाताचा वेग पाहून त्यातल्या एकानं डोळा मिचकावत विचारलं, "काय अक्का, माणसांचं पण आधीच सांगता येतं का?" आमचे मॅनेजर खो खो हसले. अक्कानं मान वर न करता उत्तर दिलं, "माणसांचं सांगणारा जेलमध्ये जातोय, सर. माशांचं सांगणाऱ्याला रोजाची हजेरी मिळतीया. तेवढ्यात बरं चाललंय माझं."

वीस वर्षं ती रोजाच्या हजेरीवरच होती. कायम करण्याचा विषय निघायचा आणि मिटायचा.

तिचं एक वागणं आमच्या मॅनेजरांना अजिबात सहन व्हायचं नाही. उजवीकडच्या टबातल्या माद्यांना पुढं काही भविष्य नव्हतं. त्या वाळवून कोंबड्यांच्या खाद्यात जायच्या. मग त्यांच्या टबात पाणी कशाला, म्हणून कामगार तो कोरडाच ठेवायचे. माद्या तडफडत राहायच्या. अक्का हात थांबवून बसून राहायची. टबात पाणी ओतेपर्यंत पुढचा मासा उचलायची नाही. मॅनेजर वैतागून म्हणाले, "शेवटी मरणारच आहेत ना त्या?"

"मरू देत की," अक्का म्हणाली. "पर पाण्यात मरू देत."

मी रुजू झाल्यावर थोड्याच महिन्यांत केंद्रात औषधाची पद्धत पक्की झाली. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू पहिला घास घेऊ लागलं, की त्याच घासातून त्याला नराचं संप्रेरक द्यायचं. तीन-चार आठवडे दिलं, की जन्मानं मादी असलेलं पिल्लूसुद्धा नर म्हणून वाढतं. हजारो मासे हातानं निवडत बसायला नको. अक्काकडं उरलं ते एवढंच, की पाठवण्याआधी प्रत्येक टाकीतले शंभर मासे काढून औषध नीट लागलंय की नाही ते बघायचं. ती सांगायची, मी प्रमाणपत्रावर सही करायचो.

मला वाटलं होतं, ती या औषधाला शिव्या घालेल. तसं काही नव्हतं. तिला ते आवडलं होतं. माद्या निवडून मारायला नकोत, हे तिला सुटल्यासारखं वाटत होतं. "औषध खरं हाय तम्मा," ती म्हणायची. "ते वेळेवर देणारी माणसं खरी पायजेत."

त्या वर्षी माणसं खरी निघाली नाहीत. उन्हाळ्याच्या शेवटी मागणी एकदम वाढली आणि प्रजननाच्या हौदातून पिल्लं काढायला दहा-बारा दिवस उशीर झाला. तोवर ती साधं खाऊन मोठी झाली होती. एकदा तो सुरुवातीचा काळ टळला की औषध वाया जातं. हे मला माहीत होतं, मॅनेजरांना माहीत होतं, टाक्या धुणाऱ्यांनाही माहीत होतं. त्यातली चार नंबरची टाकी रत्नम्माच्या गटासाठी राखलेली. त्यांना थोडं मोठं झालेलं बीज हवं होतं, म्हणून ती पिल्लं अडीच महिने आमच्याकडंच वाढवली.

पाठवणीच्या आदल्या दिवशी अक्कानं शंभर मासे एकेक करून ताटात घेतले. मी शेजारीच उभा होतो. उजवा टब भरत चालला तसा तिचा हात मंद होत गेला. पुटपुटणं थांबलं. शेवटचा मासा टाकून तिनं हात पुसले आणि माझ्याकडं बघितलं.

"शंभरातल्या चौतीस, तम्मा. चौतीस हेण्णु. हे बीज जाऊ द्यायचं न्हाई."

मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेलो. ते फोनवर गाडीची वेळ ठरवत होते. दुसऱ्या दिवशी गावात कार्यक्रम होता. मंडप घातलेला, तिथले एक पुढारी पहिली पिल्लं तळ्यात सोडणार, फोटो निघणार. मी चौतीस म्हणालो. ते शांतपणे हिंदीत म्हणाले, "तिचे डोळे गेलेत आता. तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही स्वतः बघा आणि काय ते लिहा."

मी स्वतः बघितलं. निळं औषध लावून, भिंग घेऊन, त्या चौतीसच्या चौतीस बघितल्या. प्रत्येकीच्या पोटाखाली ती निळी रेघ होती. मग मी प्रमाणपत्रावर लिहिलं की बीज सर्व नर, तपासणी समाधानकारक, आणि खाली सही केली. का केली, याची कारणं शोधली तर सापडतात. माझी नोकरी त्याच महिन्यात पक्की व्हायची होती. कार्यक्रम रद्द झाला असता तर खापर माझ्यावर फुटलं असतं. पण खरं सांगायचं तर त्या केबिनमध्ये मॅनेजरांनी मला 'शिकलेले' म्हटलं होतं, आणि ते ऐकायला मला बरं वाटलं होतं.

संध्याकाळी व्हॅनमध्ये अक्कानं विचारलं, "सांगितलास न्हवं?"

"सांगितलं," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

सकाळी ती यायच्या आत गाडी निघून गेली होती. रिकामी चार नंबरची टाकी बघून ती माझ्या टेबलापाशी आली. थोडा वेळ उभी राहिली आणि परत गेली. तिचा फोन जुना होता, रत्नम्माचा नंबर तिच्याकडं नव्हता. माझ्याकडं होता. तिनं मागितला नाही आणि मी दिला नाही.

पाच-सहा महिन्यांनी रत्नम्मा आली. सोबत तीन बायका आणि झाकण लावलेलं निळं पिंप. पिंपात मासे होते. थोडे तळहाताएवढे, आणि बाकी सगळी बोटाएवढी पोरंसोरं, एकमेकांवर उसळणारी. रत्नम्मा ओरडली नाही. पिंपाचं झाकण काढून तिनं मॅनेजरांना नुसतं म्हटलं, "बघा."

मॅनेजर क्षणभरही गडबडले नाहीत. "औषधात आमची चूक होत नाही," ते कन्नडमध्ये म्हणाले. "पण तपासणी हातानं होते. हाताची चूक होते कधीकधी. बोलवा गौराक्काला."

अक्का पदराला हात पुसत आली. पिंपात वाकून बघितलं. रत्नम्मा तिच्याकडं बघत होती.

"अक्का, तूच शिकवलंस ना आम्हाला?"

अक्कानं दोन टब मागवले. हात भिजवले. पिंपातले मोठे मासे एकेक काढून तिथंच, सगळ्यांसमोर, ती निवडायला लागली. गंडु. हेण्णु. हेण्णु. एका मादीचं तोंड तिनं बोटानं उघडून दाखवलं. आत पिवळी अंडी होती. वीसेक मासे झाले असतील. रत्नम्मा प्रत्येक मासा पुन्हा उचलून तपासत होती आणि एकही चुकला नव्हता.

"माझा हात चुकत न्हाई," अक्का मॅनेजरांना म्हणाली. "त्या टाकीतली शंभर बघितलो. चौतीस हेण्णु निघाल्या. पाठवू नका म्हणून त्याच दिवशी सांगितलो."

"कुणाला?"

तिनं माझ्याकडं बोट केलं नाही. नुसती मान वळवली. "ह्यांना विचारा."

मॅनेजर माझ्याकडं वळले आणि फार मऊ आवाजात, हिंदीत म्हणाले, "सर, तुम्हाला असं काही आठवतंय का?" त्या दिवसापर्यंत त्यांनी मला कधी सर म्हटलं नव्हतं.

पाच जणी माझ्याकडं बघत होत्या. पिंपातल्या माशांची फडफड तेवढी ऐकू येत होती. अक्काच्या चेहऱ्यावर जराही काळजी नव्हती, हे मला आजही स्वच्छ आठवतं. तम्मा खरं सांगणार, यात तिला शंका नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "मला आठवत नाही."

रत्नम्माला हिंदी येत नव्हती. मॅनेजरांनी तिला माझं उत्तर कन्नडमध्ये सांगितलं, वर माझ्या पदवीचा उल्लेख केला आणि फाइलमधलं प्रमाणपत्र काढून दाखवलं. म्हणजे ते वाक्य अक्काला दोनदा ऐकावं लागलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच तिचा हात टबात थांबला होता.

मला वाटलं, ती आता बोलेल. माझी सही खोटी आहे म्हणेल, मला शिव्या देईल. मी त्याची वाटच बघत होतो म्हणा ना. तिनं हातातला मासा पाण्यात सोडला. नळावर जाऊन हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून पुसले. ताट कापडात गुंडाळलं. जाताना रत्नम्मापाशी थांबून तिनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर रत्नम्मानंच आधी म्हटलं, "तुझ्यावर विश्वास ठेवला आम्ही. वयामुळं दिसत नव्हतं तर सांगायचं होतंस."

अक्कानं ताट काखेत घेतलं. व्हॅन सुटायला अजून चार तास होते. ती फाटकातून बाहेर पडली आणि उन्हातून मोठ्या रस्त्याकडं चालत गेली. मी खिडकीतून बघत होतो. बस मिळेपर्यंत ती उभी होती, एकदाही मागं न वळता.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून तिचं नाव हजेरीतून गेलं. मी दोनदा फोन केला. वाजत राहिला. तिसऱ्यांदा केला नाही. यशवंतपूरला रोज उतरत होतो, बाजारामागची गल्ली पाच मिनिटांवर होती. गेलो नाही.

रत्नम्माच्या गटाला आमच्या केंद्रानं मोठ्या मनानं पुढचं बीज फुकट दिलं, त्याचाही फोटो निघाला. ते बीज मी सूक्ष्मदर्शकाखाली दोनदा तपासलं होतं. सगळे नर होते. पण तोवर गटातल्या सात जणी गळाल्या होत्या. दोन तळी नुसतीच पडून राहिली. अक्काच्या जागी कुणी घेतलं नाही. तपासणी आता माझ्याकडंच आली, हुद्दा वाढला, आणि वर्षभरात आम्ही जे. पी. नगरात राहायला गेलो.

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारी मृणालबरोबर घराजवळच्या मोठ्या सुपरमार्केटात गेलो होतो. तळमजल्यावर मासळीचा विभाग आहे. मृणाल पुढं होती, मी ट्रॉली घेऊन मागं. काउंटरपलीकडं डोक्याला जाळीची टोपी, अंगात निळा एप्रन घातलेली एक बाई खांद्यानं फोन कानाशी धरून कुणाला तरी पीठ मळून ठेवायला सांगत होती. मृणालला परक्या ठिकाणी मराठी ऐकू आली की भारी आनंद होतो.

"अय्या, तुम्ही मराठी?" ती म्हणाली.

गौराक्कानं हसून मान वर केली, आणि मृणालच्या खांद्यावरून तिला मी दिसलो. वाळली होती. नाकातली चमकी नव्हती. हसू गेलं नाही चटकन, हळूहळू गेलं. तिनं फोन बंद करून एप्रनच्या खिशात ठेवला.

"मराठी बरल्ल, मॅडम," ती म्हणाली. मराठी येत नाही.

"पण आत्ता तर तुम्ही..." मृणाल गोंधळली.

"अक्का," मी म्हणालो. इतक्या हळू, की मलाच ऐकू आलं असेल.

तिनं बर्फावरचा एक मासा उचलला आणि मला विचारलं, "कट माड्बेका, सर, होल बेका?" कापून हवा की अख्खा. मृणालनंच सांगितलं, कापून. अक्कानं खवले काढले, पोट साफ केलं, एकसारखे तुकडे केले. कुठं घाई नाही, कुठं आदळआपट नाही. डोक्याचं काय करायचं ते मृणालला खुणेनं विचारलं. पिशवीला गाठ मारून, चिठ्ठी चिकटवून तिनं ती काचेवर ठेवली आणि माझ्यामागं उभ्या असलेल्या माणसाकडं बघितलं. तो म्हणाला, "सर, स्वल्प जागा बिडी." मी बाजूला झालो.

गाडीत बसल्यावर मृणाल म्हणाली, "मराठीच बोलत होती रे ती. मी माझ्या कानांनी ऐकलं. खोटं का बोलली असेल? आणि तुझ्याकडं कशी बघत होती. ओळखतोस का तू तिला?"

पिशवी माझ्या मांडीवर होती. तिचा गारवा पँटमधून आत लागत होता.

"नाही," मी म्हणालो.